तिकीट काढायच्या आधी आम्हाला खरं सांगा (ट्रॅव्हल एजंटचे अनुभव)

तिकीटवाली

परवा रात्री साडेनऊला फोन वाजला. जुनं गिऱ्हाईक, नवरा-बायको आणि दोन मुलं. "ताई, विमानतळावर उभे आहोत. काउंटरवरची मुलगी म्हणते, तुमचं विमान काल गेलं."

विमान होतं १४ तारखेचं, ००:२० चं. म्हणजे तेराची रात्र सरली की पुढच्या वीस मिनिटांनी. यांनी वाचलं "चौदा तारीख, रात्री बारा वीस" आणि चौदाच्या रात्री बॅगा उचलून निघाले. बरं, जाण्याच्या विमानाला हजर राहिलं नाही की त्याच तिकिटावरचं परतीचं विमानही बहुतेक कंपन्या आपोआप रद्द करतात. तेही गेलं. चौघांची जाण्यायेण्याची नवी तिकिटं त्याच रात्री काढावी लागली. फोनच्या मागे धाकटीचं रडणं ऐकू येत होतं.

ती तिकिटं त्यांनी स्वतःच काढली होती, माझ्याकडे फक्त हॉटेलं होती. मी विचारलं होतं, "कधी निघताय?" ते म्हणाले, "चौदाला." मी पुढे काही विचारलं नाही. तिकिटाची प्रत मागवली असती तर एका नजरेत कळलं असतं. ती मागवली नाही, ही माझी चूक, आणि दोन दिवस तीच डोक्यात घोळतेय. म्हणून लिहायला बसले.

गेली एकवीस वर्षं या धंद्यात आहे. वादळं पाहिली, संप पाहिले. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडचा ज्वालामुखी उसळला आणि राखेमुळे युरोपचं आकाश जवळजवळ सहा दिवस बंद राहिलं, तेव्हा अडकलेल्या लोकांसाठी ऑफिसात रात्री काढल्या. पण मोडलेल्या सहली आठवायला बसले की वादळातल्या थोड्याच निघतात. बाकीच्या मोडल्या त्या कुणीतरी काहीतरी सांगितलं नाही म्हणून, किंवा मी विचारलं नाही म्हणून. डॉक्टरपासून लपवू नये हे सगळ्यांना पटतं. एजंटपासून मात्र लोक सर्रास लपवतात. गुडघे, पैशांची मर्यादा, जुनं आजारपण, पूर्वी नाकारलेला व्हिसा, विमानाची भीती. लाज वाटते, किंवा वाटतं की यानं काय फरक पडतो.

एक प्रसंग मी कधीच विसरणार नाही. ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावर एक गट घेऊन गेले होते. गटात एक काकू, पासष्टीच्या पुढच्या. मुलानं बुकिंग केलं होतं. फॉर्मवर 'चालण्यात, चढण्यात काही त्रास?' या प्रश्नापुढे स्वच्छ 'नाही' लिहिलेलं. आमचं हॉटेल ओइया गावात, कड्यावर. त्या बेटाचे जे फोटो आपण बघतो ते सगळे या कड्यावरचेच, आणि तिथे रस्ता म्हणजे पायऱ्या. गाडी वर थांबते, खोली खाली असते. काकू पांढऱ्या भिंतीला हात लावत उतरत होत्या आणि तोंडानं मोजत होत्या. सव्वीस म्हटलं आणि बसल्या. पिशवीतून नी-कॅप काढली आणि साडीवरूनच गुडघ्याला चढवायला लागल्या. हात थरथरत होते. मी शेजारी बसले तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मीच त्याला सांगू नको म्हटलं होतं गं. तुम्ही नेलं नसतं मला."

नेलं असतं हो. कामारीला उतरवलं असतं. त्याच बेटावर, समुद्रकाठी, सपाट गाव आहे. शेवटी तिथेच हलवलं, पण कड्यावरच्या खोलीचे दोन रात्रींचे पैसे गेले. आणि पैशांपेक्षा वाईट म्हणजे पहिले दोन दिवस त्या माउलीनं "मी इथेच बसते, तुम्ही या जाऊन" असं म्हणत काढले.

तेव्हापासून मी फॉर्मवर विसंबत नाही. फोन करते, आणि ज्याला जायचंय त्याच्याशीच बोलते, बुकिंग करणाऱ्या मुलाशी किंवा सुनेशी नाही. "त्रास आहे का" असं विचारत नाही, कारण त्याचं उत्तर कायम 'नाही' असतं. मी विचारते, "घरी दोन जिने चढल्यावर किती वेळ बसावं लागतं?" याचं उत्तर लोक खरं देतात.

व्हीलचेअरबद्दल इथेच सांगून टाकते. विमानात तिचे तीन प्रकार नोंदवता येतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढता येतात, पण लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही चढता येत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. नुसतं 'व्हीलचेअर हवी' सांगितलं की बहुतेक वेळा पहिलाच प्रकार नोंदवला जातो. मग विमान शिडीवर लागलं की व्हीलचेअर शिडीच्या पायथ्याशी थांबते. निदान ४८ तास आधी नोंदवा आणि कुठला प्रकार ते स्पष्ट सांगा.

आता माझी स्वतःची चूक, पूर्ण माझी. धंद्याची पहिली काही वर्षं. एका जोडप्याची नावं मी त्यांच्या ईमेलवरून उचलली. बायकोचं आडनाव सासरचं लिहिलं होतं, पासपोर्ट होता माहेरच्या नावाचा. तिकीट निघालं. लक्षात आलं दुसऱ्या दिवशी. तिकीट ज्या दिवशी निघतं त्याच दिवशी एजंटला ते बहुधा 'व्हॉइड' करता येतं, म्हणजे काढलंच नव्हतं असं होतं. दिवस उलटला की रद्द करण्याचा दंड. कंपनीनं अख्खं आडनाव बदलायला नकार दिला, आणि तो त्यांच्या नियमाप्रमाणे बरोबर होता. फरक मी भरला. त्या बाईंनी एक शब्द बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं.

तेव्हापासून नाव कुणी तोंडी सांगितलं तर घेत नाही. पासपोर्टचं फोटोचं पान मागते आणि खालच्या दोन ओळी वाचते. प्रत्येक ओळीत ४४ खुणा असतात. पहिल्या ओळीत देशाच्या कोडनंतर आडनाव, मग बाणाच्या टोकासारख्या दोन खुणा, मग नाव. मशीन तेच वाचतं, तेव्हा तिकिटावर तेच हवं. घरी हाक मारायचं नाव, लग्नानंतरचं नाव, डिग्रीवरचं नाव, काही चालत नाही. त्याच पानावर मुदत असते, तीही तेव्हाच बघते. पुष्कळ देश प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने शिल्लक मागतात. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांत, तिथून निघायच्या तारखेनंतर तीन महिने लागतात, आणि पासपोर्ट दहा वर्षांहून जुना चालत नाही.

अजून पुष्कळ आहे. तुम्ही विचारा, मी सांगते. लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

नीलपक्षी

काकूंचा प्रसंग वाचून डोळे भरून आले. माझी आईसुद्धा असंच करते.

ताई, स्पष्टच विचारते, राग मानू नका. एजंटला नक्की मिळतं काय? आणि ज्या हॉटेलात जास्त मिळतं तेच तुम्ही सुचवत नाही कशावरून?

तिकीटवाली

राग कसला. हा प्रश्न प्रत्येकानं पहिल्याच भेटीत विचारायला हवा.

विमानाच्या तिकिटावर पूर्वी ठरलेलं कमिशन असायचं. बऱ्याच कंपन्यांनी ते कधीच बंद केलं किंवा नावापुरतं ठेवलं. आता आमचं पोट चालतं हॉटेलं, पॅकेजेस, क्रूझ, विमा यांवरच्या कमिशनवर आणि आम्ही लावतो त्या सेवाशुल्कावर. त्यामुळे ज्यात जास्त मिळतं ते पुढे करायचा मोह असतोच, नाही म्हणणार नाही. म्हणून एजंटला दोन प्रश्न विचारा. "यात तुम्हाला कुठून मिळतं?" आणि "हे सोडून दुसरं काय बघितलंत, आणि ते का टाकलंत?" दुसरा जास्त कामाचा. ज्यानं खरंच बघितलंय तो लगेच सांगतो, की ते स्टेशनपासून लांब होतं, त्याला लिफ्ट नव्हती. ज्यानं बघितलेलं नाही तो गोल गोल बोलतो.

आणि प्रत्येक गोष्टीला एजंट लागत नाही. एक विमान, एक शहर, एक हॉटेल असेल तर स्वतः करा. तीन देश, म्हातारी माणसं, लहान मुलं, व्हिसा, क्रूझला वेळेत पोचायचं, असं काही असेल तर या.

हिशेबी

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटं जोडून घेतली की बरंच स्वस्त पडतं. मी तीनदा केलं, काही झालं नाही. चौथ्यांदा पहिलं विमान दोन तास उशिरा आलं, दुसरं गेलं, आणि दोन्ही कंपन्यांनी हात वर केले. हा अन्याय नाही का?

तिकीटवाली

तुमची चडफड समजते, पण अन्याय नाही. एका तिकिटावर दोन विमानं असली की जोडून देणं ही कंपनीची जबाबदारी. पहिलं उशिरा आलं तर पुढच्यात बसवणं त्यांच्यावर. दोन वेगळी तिकिटं म्हणजे दोन वेगळे करार. दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी.

उशिरापेक्षाही बॅग आणि व्हिसा या गोष्टी लोकांना जास्त नडतात. वेगळ्या तिकिटावर बॅग बहुधा मधल्या विमानतळावर उतरते. ती घ्यायला इमिग्रेशनच्या बाहेर यावं लागतं, आणि बाहेर यायचं म्हणजे त्या देशात शिरायचं. व्हिसा नसला तर तुम्हाला पहिल्या विमानातच चढू देत नाहीत. अमेरिकेत तर एकाच तिकिटावर फक्त विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावंच लागतं. एका मुलीला तिच्या भावानं स्वस्त पडतं म्हणून दक्षिण अमेरिकेचं तिकीट अमेरिकेतून जाणारं काढून दिलं. व्हिसा नव्हता. चेक-इन काउंटरवरूनच घरी परतली.

शिवाय विमानतळ एकच आहे का ते बघा. लंडनला हीथ्रोवर उतरून गॅटविकवरून उडायचं असलं तर मधे रस्त्यानं तास-दीड तास जातो, रहदारी असेल तर जास्त. टोकियोत नारिता आणि हानेदा. शहराचं नाव एकच दिसतं म्हणून फसायला होतं. तीन अक्षरी कोड वाचायची सवय लावा. बॅगेवर जो पट्टा लावतात त्यावरही तोच कोड मोठ्या अक्षरांत असतो. काउंटरवरून हलायच्या आधी वाचा. ऑस्ट्रेलियातलं सिडनी एसवायडी आणि कॅनडातलं सिडनी वायक्यूवाय. ऑस्ट्रेलिया समजून लोक खरंच कॅनडात जाऊन पोचलेत.

वेगळी तिकिटं घ्यायचीच असतील तर मधे एक रात्र ठेवा. वाचलेल्या पैशांत ती रात्र बसत असेल तर जरूर घ्या, बसत नसेल तर ते स्वस्त नाही.

दोनपिल्लांचीआई

+१. कोड वाचायचं आजच कळलं.

मी एकटी दोन मुलांना घेऊन जाणार आहे, नवरा नंतर येणार. काही कागद लागतो का?

तिकीटवाली

हो, आणि हे फार कमी जण सांगतात. आई किंवा वडील एकटे मुलांना परदेशी नेत असतील तर दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र जवळ ठेवा, नोटरी केलेलं. मुलांचे पासपोर्ट क्रमांक, प्रवासाच्या तारखा, नवऱ्याचा फोन नंबर त्यात हवा. त्याच्या पासपोर्टची प्रत जोडा. जन्मदाखलेही घ्या, खास करून तुमचं आणि मुलांचं आडनाव वेगळं असेल तर. दहा वेळा कुणी विचारणार नाही. अकराव्या वेळी विचारलं तर तो कागद नसताना पुढे जाता येत नाही. हा नियम मुलं पळवून नेण्याच्या प्रकरणांसाठी आहे, तेव्हा अधिकाऱ्यानं विचारलं तर मनाला लावून घेऊ नका.

आजोबानिघाले

वय ७१. हृदयाला दोन स्टेंट. विम्याच्या अर्जात हे लिहिलं की हप्ता वाढतो, कधी अर्जच नाकारतात. मित्र म्हणतात लिहू नका. तुमचं मत?

तिकीटवाली

काका, लिहा. हात जोडून सांगते.

माझ्याकडचे एक गृहस्थ होते. त्यांनी मधुमेह लिहिला नाही. परदेशात साखर एकदम खाली गेली, चार दिवस दवाखान्यात. विमा कंपनीनं जुने रिपोर्ट मागवले, त्यात मधुमेह निघाला आणि दावा फेटाळला. सगळं बिल मुलाला भरावं लागलं. आणि तो गृहस्थ पुढे वर्षभर मुलाशी नजर मिळवत नव्हता.

जुना आजार धरून घेणारा विमा मिळतो. महाग असतो, पण मिळतो. एकानं नाकारलं तर दुसरीकडे विचारा. पॉलिसीत 'आधीपासून असलेले आजार' हा भाग शोधून स्वतः वाचा, एजंटनं तोंडी सांगितलेलं धरू नका, मी सांगितलेलंसुद्धा नाही. आणि विमा तिकीट काढलं त्याच आठवड्यात घ्या. लोक निघायच्या आदल्या दिवशी घेतात. मधल्या दोन महिन्यांत पाय मोडला, घरात काही झालं, तर सहल रद्द करण्याचा खर्च त्यात कुठून मिळणार? वादळाचं किंवा संपाचं नाव बातम्यांत आल्यावर घेतलेला विमाही त्या वादळाला किंवा संपाला लागू होत नाही. शेंगेन व्हिसासाठी निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तुमच्यासाठी मी तेवढ्यावर थांबणार नाही.

गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण कंपनीचं नाव दुसऱ्या देशात कुणाला कळत नाही. आणि दुसऱ्यांची औषधं बरोबर नेऊ नका. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असतं त्या जपानमध्ये आगाऊ परवानगीशिवाय नेता येत नाहीत. कोडीन आणि ट्रॅमाडॉलवर संयुक्त अरब अमिरातीत कडक निर्बंध आहेत. आपण साधी गोळी समजतो, तिथे तो गुन्हा ठरू शकतो.

आजोबानिघाले

लिहितो. धन्यवाद बेटा.

मुसाफिर७

मी जरा वेगळं बोलतो. सगळे एजंट तुमच्यासारखे नसतात. दोन वर्षांपूर्वी एकानं पूर्ण पैसे घेतले, छान छापलेली फाइल दिली. तिथे पोचलो तर हॉटेलात आमच्या नावानं काहीच नव्हतं. परतीची तिकिटंही नुसती ब्लॉक केलेली, काढलेली नव्हतीच. सोबत तान्हं बाळ. तेव्हापासून एजंट नको म्हणतो.

तिकीटवाली

तुमच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. वाईट वाटलं वाचून, आणि आमच्या धंद्यातली ही घाण आहे हे मान्य करते.

हे ओळखता येतं, म्हणून सविस्तर लिहिते. एजंट जे देतो त्यात सहा अक्षरी पीएनआर असतो. पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. पीएनआर नुसता जागा धरून ठेवल्यावरही मिळतो आणि पैसे भरले नाहीत तर काही तासांत किंवा दिवसांत तो गळून पडतो. तिकीट निघालं की १३ आकडी तिकीट नंबर येतो, त्यातले पहिले तीन आकडे विमान कंपनीचे. तो नंबर मागा. मग कंपनीच्या स्वतःच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव घालून बघा, जाण्याचं आणि येण्याचं दोन्ही. एजंटच्या साइटवर नव्हे.

हॉटेलचा कन्फर्मेशन नंबर मागा आणि हॉटेलला सरळ मेल टाका: या नावानं, या तारखांना, इतक्या माणसांचं बुकिंग आहे का, पैसे भरलेत का? मात्र घाईघाईनं पहिल्याच दिवशी हे करू नका. मधला घाऊक पुरवठादार असला तर हॉटेलच्या यादीत नाव चढायला कधी कधी उशीर लागतो. निघायच्या दहा-बारा दिवस आधी विचारलं तर उत्तर खरं मिळतं आणि काही गडबड असलीच तर सुधारायला वेळ राहतो. हे विचारल्यानं जो एजंट रागावेल त्याच्याकडून काम काढून घ्या. माझी गिऱ्हाइकं विचारतात, आणि मला बरंच वाटतं.

पैसे शक्यतो कार्डानं भरा, टप्प्याटप्प्यानं भरा. सेवा मिळालीच नाही तर कार्डाच्या बँकेकडे तक्रार करता येते, रोख दिलेल्याला तो रस्ता नाही. आणि नावाच्या मोठेपणावर जाऊ नका. १८४१ मध्ये थॉमस कुक यांनी लेस्टरहून लफबरोला पाचशेच्या आसपास माणसांची रेल्वेनं सहल नेली, आणि आमच्या धंद्याचा आरंभ लोक तिथूनच धरतात. त्या नावाची ब्रिटिश कंपनी २३ सप्टेंबर २०१९ ला एका रात्रीत बंद पडली. दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. ब्रिटनमध्ये अशा पॅकेजेसना 'अ‍ॅटोल' नावाचं संरक्षण आहे, आणि सरकारनं विमानं भाड्यानं घेऊन सगळ्यांना परत आणलं. तेव्हा एजंटला हाही प्रश्न विचारा: तुम्ही उद्या बंद पडलात तर माझे पैसे कुठे असतील?

मुसाफिर७

१३ आकडी नंबर माहीतच नव्हता. हे दोन वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. आभारी आहे.

दूरदेशी

वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. १) जूनमध्ये सुट्टी आहे, नॉर्दर्न लाइट्स (रात्रीच्या आकाशातला रंगीत प्रकाश) बघायला नॉर्वेत ट्रॉम्सोला जायचंय. २) पुढच्या वर्षी पेरू, कुस्को आणि माचू पिच्चू. उंचीचा त्रास होतो म्हणतात, खरं का?

तिकीटवाली

पहिल्याचं उत्तर ऐकून वाईट वाटेल. ट्रॉम्सोला २० मेच्या सुमारापासून २२ जुलैच्या सुमारापर्यंत सूर्य मावळतच नाही. अंधारच नाही तर तो प्रकाश दिसणार कसा? सप्टेंबर अखेर ते मार्च अखेर हा काळ धरा, आणि तेव्हाही निदान चार-पाच रात्री हाताशी ठेवा, कारण ढग आले की संपलं. जूनच हवा असेल तर मध्यरात्रीचा सूर्य बघायला जा, तोही जन्मभर लक्षात राहतो. असंच लोक पॅरिसला एकच दिवस ठेवतात आणि तो नेमका मंगळवार निघतो, तेव्हा लूव्र संग्रहालय बंद असतं. सोमवारी व्हर्सायचा राजवाडा बंद. दिवस ठरवायच्या आधी बंदचे वार बघा.

दुसरा प्रश्न चांगला विचारलात. कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर आहे आणि माचू पिच्चू सुमारे २,४३० वर. म्हणजे सगळे ज्याला घाबरतात ते माचू पिच्चू कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली आहे. समुद्रसपाटीवरच्या लिमाहून विमानानं सरळ कुस्कोला उतरून तिथेच झोपलं की पहिल्या रात्री डोकं ठणकतं, मळमळतं, झोप लागत नाही. मी लोकांना कुस्कोला उतरवते आणि त्याच दिवशी गाडीनं खाली उरुबांबाच्या खोऱ्यात पाठवते, २,९०० मीटरच्या आत. तिथे दोन रात्री, मग माचू पिच्चू, आणि कुस्को शेवटी. क्रम बदलला एवढंच, खर्च तोच. टिटिकाका सरोवर करायचं असेल तर ते आणखी वर, ३,८१२ मीटर, तेव्हा तेही मागे ढकला.

३,००० मीटरच्या वर गेलं की रोजची झोपायची उंची ५०० मीटरहून जास्त वाढवू नये. तरणेबांड आहोत म्हणून त्रास होत नाही असं नाही, उलट तरणी माणसं धावपळ करतात आणि तीच आडवी होतात. चालताना तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं, किंवा बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. गोळ्यांचं निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

हवेतलीच आणखी एक गोष्ट. समुद्रात डायव्हिंग करणार असाल तर ते सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि बऱ्याच डाइव्ह केल्या असतील तर निदान १८ तास विमानात बसायचं नाही. मी पूर्ण एक दिवस मोकळा ठेवते.

सामानसुमान

माझी बॅग दोनदा हरवली आहे. दुसऱ्यांदा घरी येऊन फोन केला तर म्हणाले, तक्रार विमानतळावरच करायची होती.

तिकीटवाली

बॅग आली नाही किंवा फुटून आली, तर बॅगा येतात त्या पट्ट्याजवळच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा फॉर्म, भरल्याशिवाय बाहेर पडू नका. प्रत्येक जण थकलेला असतो, टॅक्सी थांबलेली असते, पण त्या अर्ध्या तासावर पुढचं सगळं अवलंबून असतं. त्याशिवाय लेखी तक्रारही लागते. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार बॅग फुटली असेल तर मिळाल्यापासून ७ दिवसांत, आणि उशिरा मिळाली असेल तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. २१ दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे, ते त्या दिवसाच्या दरानं चलनात बदलून मिळतं. मौल्यवान वस्तूंची किंमत त्यात बसेलच असं नाही, म्हणून त्या हातातल्या बॅगेत.

बॅग बंद करायच्या आधी उघड्या बॅगेचा एक फोटो आणि बंद बॅगेचा एक. आत वरच्या बाजूला नाव-फोनचा कागद, कारण बाहेरचा टॅग तुटतो. दोघं जात असाल तर दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत अर्धे-अर्धे भरा.

पॉवर बँक मात्र चेक-इन बॅगेत कधीच नाही. १०० वॉट-अवरपर्यंत हातातल्या बॅगेत चालते. हिशेब सोपा आहे: २०,००० एमएएच भागिले हजार, गुणिले ३.७ व्होल्ट, झाले ७४. त्यावरचा आकडा पुसला गेला असेल तर काढून घेतात, तेव्हा आकडा दिसतोय ना बघा.

हिशेबी

परदेशात कार्डानं पैसे देताना मशीन विचारतं, तिथल्या चलनात की तुमच्या. कुठलं?

तिकीटवाली

तिथल्या. दर वेळी तिथल्याच. 'तुमच्या चलनात' म्हटलं की दर दुकानाच्या मशीनचा लागतो आणि तो तुमच्या बँकेपेक्षा बहुतेक नेहमी वाईट असतो. गाडी भाड्यानं घेणार असाल तर चालवणाऱ्याच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिटवर पुष्कळ ठिकाणी गाडी देत नाहीत.

अनामिका_क

ताई, वाचता वाचता उठून कपाटातून पासपोर्ट काढला. आईचं तिकीट आज दुपारीच मी ऑनलाइन काढलंय. पासपोर्टवर खालच्या ओळीत तिचं आडनाव माहेरचं आहे. मी तिकिटावर बाबांचं आडनाव टाकलंय. हात गार पडलेत. आता काय करू?

तिकीटवाली

आजच काढलंय ना? मग घाबरू नका. कुठून काढलं, कंपनीच्या साइटवरून की दुसऱ्या? जिथून काढलं त्यांनाच आत्ता फोन लावा, मेल नको. मेल उद्या वाचतील. "नाव बदला" म्हणू नका, त्याला नाही म्हणतील. म्हणा, "आजचं तिकीट आहे, व्हॉइड करता येईल का, किंवा २४ तासांत रद्द करायची सोय लागू आहे का?" रद्द झाल्याचा मेल हातात आल्याशिवाय फोन ठेवू नका. आणि तो आल्याशिवाय नवं काढू नका, नाहीतर एकाच माणसाची एकाच विमानात दोन बुकिंग दिसून दोन्ही अडकतात. मी इथे आहे, काय म्हणाले ते लिहा.

अनामिका_क

चाळीस मिनिटं होल्डवर होते. व्हॉइड केलं, मेल आला. पैसे आठ-दहा दिवसांत परत येतील म्हणाले. नवं तिकीट आत्ता काढलं, पासपोर्ट समोर उघडा ठेवून. भाडं थोडं वाढलं होतं, पण चालेल.

तिकीटवाली

छान केलंत. १३ आकडी नंबर आलाय ना बघा. आणि आईसाठी व्हीलचेअर नोंदवली होती का आधीच्या तिकिटावर? ती त्या तिकिटाबरोबर गेली. सीटसुद्धा. नव्यावर पुन्हा नोंदवा, आणि आईंना पायऱ्या चढता येतात का ते आईंनाच विचारून.